तेराशे सीसीचा घसा

रविवार, १२ जून १९८८

चौसष्ट सेकंद आणि वर आठ दशांश. शर्यतीत हॅरप बँक या टेकडीची चढण मी आज तीनदा चढलो आणि तिन्ही वेळा घड्याळाने मला तेच ऐकवलं. आमच्या पाद्रीसाहेबांची बायको एकसष्ट सेकंदांत वर पोचली. मी पोचलो तेव्हा तिने थर्मासमधून चहा ओतूनसुद्धा घेतला होता.

तीन वर्षं घालवून ही गाडी मी जोडली. सांगाडा, पत्रे, दिवे, सगळं खोक्यांतून आलं. सोबत बावन्न पानांची पुस्तिका होती. तिचं सतरावं पान छापायचंच राहिलं होतं. ब्रेक कसे बसवायचे ते त्या पानावर असावं, असा माझा अंदाज आहे. इंजिन मात्र असल्या किटमध्ये मिळत नाही, ते ज्याने त्याने बघायचं. मी एका निवृत्त ग्रंथपालाच्या जुन्या घरगुती गाडीतलं तेराशे सीसीचं काढून आणलं. वीस वर्षांत त्याने कधी घाई केलेली नव्हती. ग्रंथपालानेही नाही आणि इंजिनानेही नाही.

शर्यतीनंतर तंबूत अंड्याची सँडविचं चालली होती. आमचा दंतवैद्य रॉडनी पिकर्सगिल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लायनेल, ते शिवणयंत्र काढून टाक रे. माझ्याकडे दोन लिटरचं नवं इंजिन पडलंय. नाहीतर गाडीच दे मला, मीच बसवतो."

"दे," म्यूरिएल म्हणाली. ही माझी बायको. "तीन वर्षं माझी गाडी पावसात उभी आहे."

"शेवटच्या शर्यतीपर्यंत थांब," मी म्हटलं. "अठरा सप्टेंबर. साठ सेकंदांच्या आत चढलो नाही तर गाडी रॉडनीची."

"याच इंजिनावर?" पिकर्सगिल.

"याच."

तंबूतले लोक टाळ्या वाजवायला लागले. वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून माझी सव्वीस वर्षं गेली. खाटकांचे अंगठे तराजूवरून उचलण्यात हयात घालवली, आणि तोंडात सँडविच असताना स्वतःच्या शब्दाचं वजन करायचं विसरलो.

तंबूत बोललो नाही ते इथे लिहितो. आजवर मी फक्त दुसऱ्यांच्या वस्तूंतली खोट काढत आलो. मी स्वतः केलेली वस्तू ही एकच. हिच्यात दुसऱ्याचं इंजिन घातलं तर ती माझ्या गॅरेजातली पिकर्सगिलची गाडी होईल. आणि ती त्याच्या गॅरेजात गेली तर मग बोलायलाच नको.

शनिवार, २५ जून

बूथ मेकॅनिकच्या गॅरेजात गाडी रोलरवर चढवली. चाकं जागच्या जागी फिरतात आणि काटा ताकद दाखवतो. एकोणपन्नास अश्वशक्ती. बूथ म्हणाला, "वयाच्या मानाने बरी आहे." कोणाच्या वयाच्या ते सांगितलं नाही.

उपाय अगदी सरळ आहे. इंजिनाच्या डोक्याला, म्हणजे हेडला, हवा आत घेणारी चार भोकं आहेत. कारागीर त्यांना घसे म्हणतात. घसा मोठा केला की हवा जास्त जाईल, आणि हवा जास्त गेली की ताकद वाढेल. एवढं कोणाला का सुचत नाही याचंच मला नवल वाटतं.

रविवार, ३ जुलै

आठ संध्याकाळी घासतोय. चारही घसे प्रत्येकी तीन मिलिमीटरने मोठे केले. चारही अगदी एकसारखे, मी स्वतः मोजलेत. मग आतून पॉलिश केलं. असं केलं की त्यात बघून दाढी करावी.

म्यूरिएलला दाखवलं. तिने आत डोकावून केस नीट केले. "छान," ती म्हणाली, "आता न्हाणीघरात लावायचं की बाहेर?"

शनिवार, ९ जुलै

पंचेचाळीस.

बूथने रोलर बंद केले आणि काट्याकडे बघत राहिला. "वजा चार. गार्साइडसाहेब, लोक माझ्याकडे ताकद वाढवायला येतात."

"काटा तपासलाय कधी?"

"गेल्याच महिन्यात. तुमच्याच खात्याने."

शेवटी त्याला दया आली असावी. "क्लॅदरबी गावात चॅपलच्या मागे मिस हेपवर्थ राहतात. युद्धात विमानांच्या इंजिनांवर होत्या, नंतर शर्यतीच्या. जाऊन बघा. पण गेल्या वर्षापासून त्या कोणाचंच काम घेत नाहीत."

"का?"

"विचारायची हिंमत कोण करणार?"

मंगळवार, १२ जुलै

मिस हेपवर्थ शहात्तर वर्षांच्या आहेत. लोकरी जाकीट जुलैतसुद्धा अंगात, आणि उजवा हात सदा जाकिटाच्या खिशात. असं खिशात हात घालून बोलणाऱ्या माणसांचा मला राग आहे. आमचे साहेब तसेच बोलतात.

हेड टेबलावर ठेवायला मलाच सांगितलं. त्यांनी खिडकीकडे तोंड करून आत पाहिलं आणि अशा हसल्या, की शेजारच्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"निरीक्षक ना तू? मग निरीक्षणच करायचं होतंस." त्या खुर्चीवर बसल्या. "एवढा मोठा घसा कशाला?"

"जास्त हवा जाईल म्हणून."

"गेली का?"

मग त्यांनी मला किटली भरायला लावली, चहा ओतायलाही लावला. वर दटावलं, "माझा अर्धाच कप. अर्धाच म्हटलं ना!" पाहुण्यालाच कामाला लावायचं आणि चहात काटकसर करायची. यॉर्कशरमध्ये जन्म गेला माझा, पण असा कंजूषपणा इथेसुद्धा पाहिला नव्हता.

निघताना म्हणाल्या, "मी काम घेत नाही."

"मग हे हेड?"

"काम मी घेत नाही म्हटलं. तू घे. शनिवारी ये, घरातला व्हॅक्यूम क्लीनर घेऊन. माझा जळलाय."

शनिवार, १६ जुलै

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवलं पाहिजे.

त्यांच्या शेडमध्ये एक फळी आहे. फळीवर हेड ठेवायचं आणि खालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढायची. बाजूला काचेची वाकवलेली नळी, तिच्यात थंड चहा. हवा अडली की चहा चढतो, मोकळी गेली की उतरतो. एवढीच यंत्रसामग्री. मी मनात म्हटलं, आमच्या खात्याने हिच्यावर जागच्या जागी बंदीचा शिक्का मारला असता.

"तारेच्या टोकाला लोकर बांध," त्या म्हणाल्या. "आता घशात सोड. हळू."

मी लालसर लोकरीचा धागा आत सोडला. माझ्या त्या आरशासारख्या घशात तो धागा पागल झाला. तळाशी जाऊन उलटा वळला, माझ्याकडे तोंड करून थरथरायला लागला. हवा आत शिरत होती, वळणावर गोंधळत होती आणि परत फिरत होती.

"दिसलं?"

"दिसलं."

"हवेला जागा नको असते रे, तिला वाट हवी असते. रुंद बोळात माणसं रेंगाळतात. आणि हा आरसा! पेट्रोलचे थेंब याच्यावर बसून गप्पा मारतात, आत जातच नाहीत."

मग त्यांनी पॉलिश न केलेलं एक जुनं हेड ठेवायला सांगितलं, त्यांनी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी केलेलं. माझ्यापेक्षा लहान घसे, आतून खरखरीत. त्यात धागा सोडला तर तो सरळ झाला. वळणावरून असा निवांत गेला, जणू आत कोणी त्याचं टोक धरून त्याला नेत होतं. आणि चहा उतरला. लहान भोकातून जास्त हवा जात होती!

मी पाच वेळा मोजलं. मोजपट्टी लावून मोजलं. बाई डोळे मिटून आवाज ऐकत बसल्या होत्या. "झालं का समाधान?"

समाधान नव्हतं. मला थोडी भीती वाटत होती. मोठ्या चर्चमध्ये टोपी काढल्यावर वाटते तशी.

शनिवार, ३० जुलै

मी केलेलं सगळं आता बुजवायचं. धातूची लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, आणली. दोन पुड्या एकत्र मळायच्या आणि घशाच्या तळाशी भरायची, मग दोन दिवसांनी घासायची. सव्वीस वर्षांत भोक बुजवून माल वाढलेला मी ऐकला नव्हता.

बाई स्वतः काहीच करत नाहीत. घासणी मी धरायची, आणि त्या डावा हात माझ्या मनगटावर ठेवणार. हलकाच. मग तो हात मला नेतो. इथे दाब, इथे सोड, इथे थांब. एवढी हुकूमशाही कशाला? दहा मिनिटांत स्वतः केलं असतं तर काम झालं असतं.

संध्याकाळी म्यूरिएल व्हॅक्यूम क्लीनर परत न्यायला आली. पाच मिनिटं बाईंशी बोलली. परत येताना गाडीत आपल्या उजव्या हाताची बोटं चोळत बसली होती.

"काय झालं?"

"काही नाही. पुढच्या शनिवारी मी मांस भरलेली पाय-पेस्ट्री करून देते त्यांच्यासाठी. घेऊन जा."

शनिवार, ६ ऑगस्ट

म्यूरिएलने पाय-पेस्ट्री दिली, पण छोटे तुकडे करून, एक एक कागदात गुंडाळून. मी म्हटलं, अख्खी दे, देखणी दिसते. "असू दे," ती म्हणाली. बायकांना सजावटीचं काही कळत नाही.

शनिवार, १३ ऑगस्ट

घासून झालं असं मी जाहीर केलं. चारही घसे मोजपट्टीने मोजले, फरक शून्य. बाईंनी व्हॅक्यूम क्लीनर लावायला सांगितला आणि एक एक घसा उघडून ऐकलं.

"दुसरा," त्या म्हणाल्या. "दुसरा शिट्टी मारतोय."

मला नुसती घरघर ऐकू येत होती. "मोजलाय मी."

"पट्टी ठेव बाजूला. करंगळी घाल आत. डोळे मीट."

मिटले. आधी काहीच नाही.

"मन बोटात आण. घाई काय आहे? हजेरी लावायला आलायस का?"

पाचेक मिनिटं गेली असतील. मग बोटाखालून काहीतरी सरकलं. उजव्या भिंतीवर, झडपेच्या जवळ. काय म्हणू त्याला? कागदाच्या घडीची खूण, एवढंच. मोजपट्टीला ते दिसलंच नव्हतं, कारण मोजपट्टी मी टेकवीन तिथेच टेकते. बोट स्वतःहून फिरतं.

"सापडलं," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"काय लागतंय? नीट सांग."

त्या प्रत्येक वेळी असंच विचारतात. कसं लागतंय, किती लांब, धार आहे की गोल? शाळेत तोंडी परीक्षा घेतात तसं. मी सांगितलं. "मग घास," त्या म्हणाल्या. घासलं आणि व्हॅक्यूम क्लीनर लावला. मलाही ऐकू आलं, म्हणजे ऐकू येणं बंद झालं. त्या घरघरीत शिट्टी होती हे ती गेल्यावर कळलं.

घरी येऊन जेवताना मी टेबलाच्या लाकडावरून, बशीच्या कडेवरून, म्यूरिएलच्या हातावरून करंगळी फिरवत होतो. "लायनेल," ती म्हणाली, "माझ्यात खोट काढायची असेल तर तोंडाने काढ."

शनिवार, २७ ऑगस्ट

हेडचा तळ कारखान्यात एक मिलिमीटर तासून आणला, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. तेवढंच. नवा कार्ब्युरेटर नाही, नवं काही नाही. गाडी बूथच्या रोलरवर चढवली.

त्रेसष्ट.

बूथने काट्यावर टिचकी मारली. गाडी पुन्हा पळवली. पुन्हा त्रेसष्ट. मग त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "आत काय बसवलंत?"

"लांबी."

"चेष्टा करू नका राव."

हे तेच इंजिन. तेच लोखंड, त्याच ग्रंथपालाचं. वीस वर्षं त्याच्या आत चौदा घोडे आणखी उभे होते आणि त्यांना कोणी दार दाखवलं नव्हतं. घरी येताना मी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. मूरवर, म्हणजे उघड्या माळरानावर, चढलो, पाय दाबला, आणि ते म्हातारं असं गायला लागलं की मी हसायला लागलो. एकटाच, टोपी उडाली तरी. मेंढ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेचा मला राग आला नाही.

बाईंना सांगायला गेलो. "त्रेसष्ट!" मी दारातूनच ओरडलो.

"पासष्ट हवी होती," त्या म्हणाल्या. पण मला दोनदा सांगायला लावलं.

रविवार, १८ सप्टेंबर

थंड, कोरडी सकाळ. म्यूरिएल बाईंना आपल्या गाडीतून घेऊन आली. घडीची खुर्ची, पायावर गोधडी.

आज दोनच फेऱ्या मिळतात. पहिली: साठ पूर्णांक एकतीस शतांश.

पिकर्सगिल मोजपट्टी घेऊनच आला होता, माझ्या गाडीचं बॉनेट मोजायला. "दोन लिटर बसेल," तो म्हणाला. "फक्त इथे थोडं कापावं लागेल."

"हात लावू नकोस."

"अरे, आता काय तास-दोन तासांचा प्रश्न आहे."

मी बाईंकडे गेलो. माझा चेहरा कसा होता ते म्यूरिएलला विचारावं लागेल. "वरच्या वळणानंतर अडखळते," मी म्हटलं. "एकदाच."

"ऐकलं मी. दोनदा. खोकतंय ते. आज हवा थंड आहे, दाट आहे, आणि तुझं इंजिन तहानलंय. कार्ब्युरेटरच्या खाली पेट्रोल कमी-जास्त करणारी षटकोनी चकती आहे. ती फिरव."

"किती?"

"मला काय माहीत किती? ऐक आणि फिरव."

"मिस हेपवर्थ, तुम्हीच फिरवा ना! तुमचं दोन सेकंदांचं काम आहे. माझी गाडी जातेय हो!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उजवा हात खिशातच होता, आत नाणी चाळवावीत तसा हलत. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. माणसाची गाडी चालली आहे आणि ह्या शिकवणी घेताहेत.

"लायनेल," म्यूरिएल म्हणाली, आणि हा आवाज मी लग्नानंतर दोन-तीनदाच ऐकला आहे, "त्या सांगतात तसं कर. आत्ताच्या आत्ता. आणि तोंड बंद ठेव."

मी गाडीशी वाकलो. इंजिन चालू. सगळीकडे इतर गाड्यांचा गोंगाट, कर्ण्यावर कोणाचीतरी नावं. चकतीवर पाना लावला आणि डोळे मिटले. आधी काहीच नाही. मग गोंगाट बाजूला व्हायला लागला, गर्दीतून माणसं सरकतात तसा, आणि चार घशांचा आवाज एकटा उरला. मी चकती षटकोनाच्या एका बाजूइतकी फिरवून खाली घेतली. आवाज खाली बसला, भरला. आणखी अर्धी. जड झाला. परत किंचित वर. तिथे. तिथे तो असा सहज झाला की मला उठावंसंच वाटेना.

डोळे उघडले. बाई खुर्चीत पुढे झुकल्या होत्या. मान हलवली, एकदाच.

वर जाताना काय झालं ते मला नीट आठवत नाही. वरच्या वळणानंतर इंजिन खोकेल म्हणून मी वाट बघत होतो, आणि ते खोकलं नाही, आणि मग वाट बघायला रस्ताच उरला नाही.

अठ्ठावन्न पूर्णांक चौऱ्याण्णव.

खाली आलो तर पाद्रीसाहेबांची बायको मला चहा द्यायला उभी होती. पिकर्सगिलने हात मिळवला. चांगला माणूस आहे तो, हे लिहायला हात जड होतो. मग तो बाईंकडे गेला. बराच वेळ खुर्चीशी उकिडवा बसून बोलत होता. म्यूरिएल बाईंना थर्मासच्या झाकणातून चहा पाजत होती. स्वतःच्या हाताने. मी म्हटलं, कौतुकाला काही सीमा?

गाडी गॅरेजातच राहणार. म्यूरिएलने नवा नियम केला आहे: थंडीत एका आड एक रात्र तिची गाडी आत. कबूल.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

बाईंकडे गेलो तर फळीवर एक हेड. पिकर्सगिलच्या दोन लिटरचं.

"तुम्ही तर काम घेत नाही!"

"नाहीच घेत. त्याला सांगितलं, निरीक्षक करील."

"मी? त्याने काय म्हटलं?"

"दाढदुखीचा पेशंट बघावा तसं बघितलं. मग हेड ठेवून गेला."

मी कोट काढला. आज त्यांनी मनगटावर हात ठेवला नाही. खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. मी व्हॅक्यूम क्लीनर लावून एक एक घसा उघडत गेलो.

"तिसरा," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

करंगळी आत घातली. वळणाच्या पुढे, खालच्या अंगाला, एक उंचवटा. उंचवटा हा शब्दसुद्धा मोठा होतो. केसाएवढा म्हणायचं तर आधी केस मधोमध चिरावा लागला असता. माझ्या बोटाला ते कळलं, तराजूची वजनं तपासण्यात जन्म गेलेल्या ह्या बोटाला! अंगावर काटा आला माझ्या.

"सापडलं," मी म्हटलं.

"थांब." त्या उठल्या. डाव्या हाताची करंगळी आत घातली. खूप वेळ. तोंड भिंतीकडे. "कुठे म्हणालास?"

"वळणाच्या पुढे. खाली."

त्यांनी बोट तिथे फिरवलं. मग बोट काढून त्यांनी जाकिटाला पुसलं.

"मला नाही लागला," त्या म्हणाल्या.

बाई एरवी कधी कोणाचं मन राखायला खोटं बोलत नाहीत. आज माझं बोट त्यांच्याहून सरस ठरावं म्हणून बोलल्या. मला इतकं भरून आलं, की त्यांच्याकडे बघवेना. मी मुकाट्याने घासणी उचलली.

"हळू," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "आणि काय लागतंय ते मला सांगत राहा. सगळं सांग. मधे थांबू नकोस."

मी घासत गेलो आणि सांगत गेलो.